जुन्या रिसीव्हरची रुंदी आणि खान्देशातली खरखर

माझ्या टेबलावर दोन जुने कम्युनिकेशन रिसीव्हर आहेत. एक हॅलीक्राफ्टर्स कंपनीचा एस-४०, जो १९४६ साली अमेरिकेत बाजारात आला आणि व्हॉल्व्हवर चालतो. दुसरा जपानच्या याएसू कंपनीचा एफआरजी-७, जो १९७६च्या सुमारास आला आणि ट्रान्झिस्टरवर चालतो. दोन्ही सेट सामान्य हौशी श्रोत्याला परवडावेत म्हणून तयार झाले होते आणि ती अट पाळताना दोन्हींत काटकसर झाली ती एकाच ठिकाणी, आयएफच्या (प्रत्येक संकेत ज्या एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणला जातो तिच्या) टप्प्यात. संकेत किती रुंद पट्ट्यातून आत घ्यायचा हे ज्या भागावर ठरते, तो भाग दोन्हींत साधा आहे. गेला काही काळ मी या दोन्ही सेटना अरुंद फिल्टर बसवण्याचे काम करत आलो आहे. खान्देशात बसून लघुलहरींवरचे क्षीण संकेत ऐकणाऱ्याला या कामाचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही सुधारणेचा होत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यामागची कारणे आणि प्रत्यक्ष कृती येथे सविस्तर लिहीत आहे.

मी भुसावळला राहतो. रेल्वेची २५ किलोव्होल्टची ओव्हरहेड तार, दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या, गल्लीतले ट्रान्सफॉर्मर, घराघरांतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर, शिवाय गेल्या काही वर्षांत छपरांवर आलेले सोलर इन्व्हर्टर, या सर्वांची मिळून एक अखंड खरखर रिसीव्हरमध्ये येत असते. गावाबाहेर गेल्यावर ती कमी होते, पण पूर्णपणे जात नाही, कारण केळीच्या बागांमधले पंप, त्यांचे स्टार्टर आणि धुळीने माखलेले इन्सुलेटर तेथेही असतात. अशा परिस्थितीत एखादा दूरचा संकेत ऐकू आला नाही, की नवख्या श्रोत्याला वाटते, आपल्या सेटची ताकद कमी पडली. मग तो अँटेनाच्या मागे एखादा प्रीअँप्लिफायर जोडतो. गढूळ विहिरीवर मोठी मोटर बसवली तर पाणी जास्त येते, पण गाळही त्याच प्रमाणात येतो. प्रीअँप्लिफायर संकेताइतकीच खरखरही वाढवतो आणि दोघांमधले अंतर होते तेवढेच राहते.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होते. सामान्य तापमानाला कोणत्याही रोधात उष्णतेमुळे जो मूळ गोंगाट निर्माण होतो, तो प्रत्येक हर्ट्झ रुंदीमागे सुमारे उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत मानवनिर्मित गोंगाटाची जी सूत्रे दिली आहेत, त्यांनुसार ७ मेगाहर्ट्झवर निवासी भागातला गोंगाट या मूळ पातळीच्या सुमारे ४९ डेसिबल वर असतो, ग्रामीण भागात सुमारे ४४ डेसिबल आणि अगदी शांत ग्रामीण भागात सुमारे २९ डेसिबल. जुन्या व्हॉल्व्हच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट मूळ पातळीच्या १५ डेसिबल वर धरला, तरी तो बाहेरून येणाऱ्या गोंगाटाच्या कितीतरी खाली राहतो. याची खात्री करून घेण्याची एक सोपी रीत आहे. सेट ७ मेगाहर्ट्झवर लावावा, स्थानक नसलेली जागा शोधावी आणि अँटेनाची तार काढून पाहावी. तार काढताच आवाज स्पष्टपणे खाली गेला, तर त्या बँडवर सेटची संवेदनशीलता पुरेशी आहे आणि ती वाढवून काहीही हाती लागणार नाही. माझ्याकडे १४ मेगाहर्ट्झपर्यंत दोन्ही सेट ही परीक्षा सहज पार करतात.

मग उरतो तो एकच उपाय: आत येणाऱ्या गोंगाटाची रुंदी कमी करणे. गोंगाट सर्व वारंवारतांवर पसरलेला असतो आणि संकेत मात्र ठरावीक जागेतच असतो. मोर्सचा संकेत शंभर-दोनशे हर्ट्झमध्ये मावतो, सिंगल साइडबँडवरचे (संकेताची एकच बाजू पाठवण्याच्या पद्धतीतले) बोलणे सुमारे २४०० हर्ट्झमध्ये मावते, आणि प्रक्षेपण केंद्राचे कार्यक्रम समजण्याइतके ऐकायला चार ते सहा किलोहर्ट्झ पुरतात. रुंदी निम्मी केली की गोंगाटाची शक्ती निम्मी, म्हणजे ३ डेसिबल कमी होते. सहा किलोहर्ट्झचा फिल्टर काढून २.४ किलोहर्ट्झचा बसवला तर ४ डेसिबलचा फायदा होतो. ५०० हर्ट्झचा बसवला तर जवळजवळ ११ डेसिबलचा. अँटेनात ११ डेसिबल मिळवायचे म्हटले तर किती मोठे लोखंड उभे करावे लागेल, याची कल्पना ज्यांनी मनोरा उभारला आहे त्यांना असेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणसाचा कान आणि मेंदू मिळून स्वतःच एक अरुंद फिल्टर आहे. सराव झालेला श्रोता रुंद खरखरीतूनही एका ठरावीक सुराचा मोर्स वेगळा काढू शकतो, त्यामुळे गणिताने येणारे ११ डेसिबल कानाला पूर्णपणे जाणवत नाहीत. तरीही फिल्टरची गरज राहतेच, आणि तिचे कारण शेजारची स्थानके हे आहे. रुंद आयएफमधून दोन-तीन किलोहर्ट्झ बाजूचा एखादा जबरदस्त संकेत आत आला, की रिसीव्हरची एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा) त्याच्या जोरावर संपूर्ण सेटचा आवाज खाली ओढते आणि ज्या क्षीण संकेतासाठी आपण कान देऊन बसलो आहोत तो त्याच्याबरोबर बुडतो. कान कितीही तयार असला तरी सेटच्या आत जे घडून गेले ते त्याला दुरुस्त करता येत नाही. याच कारणाने हेडफोनच्या आधी जोडलेला ऑडिओ फिल्टर हा अर्धाच उपाय ठरतो. तो एजीसीच्या नंतर येतो.

हा विचार नवा नाही. १९३२ साली जेम्स लॅम्ब यांनी अमेरिकेच्या 'क्यूएसटी' मासिकात 'सिंगल सिग्नल' रिसीव्हरची मांडणी प्रसिद्ध केली, ज्यात आयएफच्या टप्प्यात एकच क्वार्ट्झ क्रिस्टल वापरून मोर्सच्या संकेताची एक बाजू उचलायची आणि दुसरी दाबायची, अशी युक्ती होती. नॅशनल कंपनीच्या १९३५च्या एचआरओमध्ये हा क्रिस्टल फिल्टर बसवलेलाच मिळे. पुढे १९५०च्या दशकात कॉलिन्स कंपनीने मेकॅनिकल फिल्टर प्रत्यक्ष वापरात आणले. त्यात विजेचे कंपन चुंबकीय पद्धतीने धातूच्या लहान चकत्यांच्या कंपनात बदलले जाते, चकत्यांची माळ ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देते आणि शेवटी त्या कंपनाची पुन्हा वीज होते. अमेरिकन लष्करासाठी बनलेल्या आर-३९०ए या रिसीव्हरमध्ये २, ४, ८ आणि १६ किलोहर्ट्झचे असे चार मेकॅनिकल फिल्टर होते, तर १ किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झच्या रुंदीसाठी क्रिस्टल होता. हौशी श्रोत्यांच्या सेटमध्ये मात्र ४५५ किलोहर्ट्झच्या दोन-तीन आयएफटींवरच (आयएफला ट्यून केलेल्या ट्रान्सफॉर्मरवरच) भागवले जाई. आयएफटीच्या वक्राचा माथा अरुंद असला तरी त्याच्या कडा हळूहळू उतरतात, आणि ६० डेसिबल खाली पोहोचेपर्यंत तो कितीतरी किलोहर्ट्झ पसरलेला असतो. फिल्टरची खरी गुणवत्ता माथ्याच्या रुंदीपेक्षा या कडांच्या उतारावर ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी भंगारात आलेल्या एफटी-२४१ प्रकारच्या क्रिस्टलांनीही अनेकांनी घरी फिल्टर बनवले. ही क्रिस्टल मुळात टँकमधल्या सेटसाठी होती. प्रक्षेपणाच्या वारंवारतेला ५४ने किंवा ७२ने भागून येणाऱ्या संख्येवर ती घासलेली असत. त्यामुळे ५४च्या मालिकेत शेजारच्या दोन चॅनलांच्या क्रिस्टलांत सुमारे १.८५ किलोहर्ट्झचे अंतर पडते, आणि ४५५च्या आसपासचे असे दोन क्रिस्टल जोडले की बोलणे ऐकण्याजोगा फिल्टर तयार होतो. एखाद्या जुन्या हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) कपाटात ती सापडली तर फेकू नयेत, एवढेच येथे सांगतो.

आता एस-४० कडे येतो. या सेटला फिल्टर बसवण्यापूर्वी त्याची मूळ प्रकृती सुधारणे आवश्यक आहे. त्यातले कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत गळके झालेले असतात. ते आणि पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक बदलल्याशिवाय कोणतेही मोजमाप विश्वासार्ह ठरत नाही. सेट अमेरिकन ११७ व्होल्टचा असल्यामुळे आपल्या २३० व्होल्टवर तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. प्लेटवर २५० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेट बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो, म्हणून चेसिसमध्ये हात घालण्यापूर्वी कंडेन्सर रोधातून रिकामे करण्याची शिस्त कधीही मोडू नये. त्यानंतर आयएफचे पूर्ण अलाइनमेंट (सर्व आयएफटी एकाच वारंवारतेवर जुळवणे) करावे, आणि ते ४५५ या छापील आकड्यावर न करता ज्या फिल्टरची निवड केली त्याच्या प्रत्यक्ष मध्यबिंदूवर करावे, कारण फिल्टरचा मध्य काहीशे हर्ट्झ इकडेतिकडे असू शकतो.

फिल्टर कोणता घ्यावा? ४५५ किलोहर्ट्झसाठी मुराता कंपनीचे सिरॅमिक फिल्टर सर्वांत स्वस्त पडतात. त्यांच्या नावाच्या शेवटी येणारे अक्षर रुंदी सांगते: सीएफडब्ल्यू मालिकेत एच म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना ३ किलोहर्ट्झ, आय म्हणजे दोन्ही बाजूंना २ किलोहर्ट्झ. प्रक्षेपण केंद्रे ऐकण्यासाठी यांपैकी एखादा उत्तम आहे. सिंगल साइडबँडसाठी सुमारे २.५ किलोहर्ट्झचा आणि मोर्ससाठी ५०० हर्ट्झचा कॉलिन्सचा लहान मेकॅनिकल फिल्टर मिळाला तर त्याच्या कडा सिरॅमिकपेक्षा बऱ्याच सरळ असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या सिरॅमिक फिल्टरसाठी आजही चौकशी करता येते. मेकॅनिकल फिल्टर मात्र बहुधा जुन्या, मोडीत निघालेल्या सेटमधूनच काढून घ्यावे लागतात.

सेटमध्ये फिल्टरची योग्य जागा मिक्सरच्या (जेथे सेटच्या ऑसिलेटरशी मिसळून संकेत आयएफवर येतो त्या टप्प्याच्या) लगेच नंतर, पहिल्या आयएफ व्हॉल्व्हच्या आधी असते. जितक्या लवकर नको असलेले संकेत अडवले जातील तितके पुढच्या व्हॉल्व्हवर त्यांचे ओझे कमी पडते. अडचण रोधाची आहे. आयएफटीच्या दुय्यम वेटोळ्याचा रोध एक लाख ओहमच्या घरात असतो आणि या फिल्टरना दोन्ही टोकांना सुमारे २००० ओहम हवे असतात. फिल्टर जुळणीशिवाय जोडला तर त्याच्या माथ्यावर खड्डे पडतात, कडा ढासळतात आणि ज्यासाठी खर्च केला तेच हातचे जाते. यावर मी वापरलेला उपाय असा: आयएफटीच्या डब्यातला दुय्यम बाजूचा कंडेन्सर साधारण १०० पिकोफॅरडचा असेल, तर तो काढून त्याजागी १२० आणि ६८० पिकोफॅरडचे दोन मायका कंडेन्सर मालेत लावावेत. दोघांची मिळून क्षमता सुमारे १०२ पिकोफॅरड होते, त्यामुळे आयएफटी पूर्ववत ट्यून होतो. दोघांच्या मधल्या सांध्यावर व्होल्टेज ६.७ पटींनी कमी मिळते आणि रोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४४ पटींनी उतरतो. फिल्टरचे २००० ओहम वेटोळ्याला मग जवळजवळ ९० हजार ओहमांसारखे दिसतात आणि दोघांचे जुळते.

फिल्टरच्या दुसऱ्या टोकाला २००० ओहमचा रोध जमिनीशी जोडावा लागतो आणि तेथे ते ६.७ पटींचे व्होल्टेज गमावलेले असते. ते भरून काढण्यासाठी मी बीएफडब्ल्यू-१० हा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरला, जो आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमध्ये शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ड्रेनला २.२ किलोओहमचा रोध ठेवला तर त्याची वाढ सहा-सात पट मिळते आणि हिशोब बरोबर होतो. त्याला लागणारे १२ व्होल्ट व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्ट हीटरच्या पुरवठ्यातून डबलर करून ७८१२ या रेग्युलेटरच्या मार्गे घेता येतात. यात एक जोडणी फार जपून करावी लागते. मूळ सेटमध्ये एजीसीचे व्होल्टेज आयएफटीच्या दुय्यम वेटोळ्यातूनच व्हॉल्व्हच्या ग्रिडला जात असते. आता ते वेटोळे फिल्टरला जोडल्यावर त्याचे खालचे टोक थेट जमिनीला न्यावे, आणि ग्रिडला एजीसीच्या तारेशी ४७० किलोओहमच्या रोधाने स्वतंत्रपणे जोडावे. जेफेटचा ड्रेन ग्रिडला कंडेन्सरमधूनच द्यावा. असे केले की एजीसी पूर्वीसारखी चालते आणि आता ती फक्त फिल्टरमधून पार झालेल्या संकेतावरच ठरते.

या सगळ्या कामात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे फिल्टरला वळसा घालून जाणारी गळती. ४५५ किलोहर्ट्झला १ पिकोफॅरडचा अडथळा सुमारे ३५० किलोओहम असतो. फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या तारांमध्ये नकळत एवढी क्षमता राहिली, तर त्या वाटेने येणारा संकेत २००० ओहमच्या टोकावर फक्त ४५ डेसिबल खाली असतो. म्हणजे ७० डेसिबल अडवण्याची क्षमता असलेला महागडा फिल्टर प्रत्यक्षात ४५ डेसिबलच अडवतो, आणि दोष मात्र फिल्टरला दिला जातो. म्हणून फिल्टर एका लहान तांब्याच्या पट्टीवर बसवावा, त्याच्या मधोमध पितळी पत्र्याचा पडदा उभा सोल्डर करावा, आत जाणारी तार पडद्याच्या एका बाजूला आणि बाहेर येणारी दुसऱ्या बाजूला ठेवावी, आणि फिल्टरचे आवरण शक्य तितक्या आखूड तारेने चेसिसला जोडावे. दोन फिल्टर निवडता यावेत म्हणून एकाच रोटरी स्विचच्या एकाच चकतीवर आतल्या-बाहेरच्या तारा आणणे हा गळतीचा राजमार्ग आहे. त्याऐवजी दोन टोकांना दोन वेगळे लहान रिले लावावेत. जागा थोडी जास्त लागते, पण काम चोख होते.

फिल्टर बसल्यावर बीएफओ (मोर्स आणि साइडबँड ऐकू यावेत म्हणून सेटमध्ये असलेला वेगळा लहान ऑसिलेटर) पुन्हा लावावा लागतो. फिल्टरचा पट्टा ४५३.८ ते ४५६.२ किलोहर्ट्झ असेल, तर सिंगल साइडबँड ऐकताना बीएफओ पट्ट्याच्या कडेपासून सुमारे ३०० हर्ट्झ बाहेर, म्हणजे ४५३.५ किंवा ४५६.५ वर असावा. तो आत राहिला तर आवाज घोगरा होतो आणि दुसरी बाजूही ऐकू येते. फार बाहेर गेला तर आवाज पातळ आणि किनरा होतो. ज्या सेटचा मुख्य ऑसिलेटर संकेताच्या वर चालतो त्यात बाजू उलटतात, त्यामुळे अप्पर साइडबँडसाठी ४५६.५ लागतो. शिवाय या जुन्या सेटमध्ये डायोडचा साधा डिटेक्टर असतो आणि बीएफओचा जोर कमी असतो, म्हणून आरएफ गेन खाली आणि ऑडिओ गेन वर ठेवण्याची जुनी सवय कायम ठेवावी. प्रॉडक्ट डिटेक्टर (संकेत आणि बीएफओ मिसळून आवाज काढणारा परिपथ) बसवता आला तर उत्तमच, पण तो स्वतंत्र कामाचा विषय आहे.

एस-४०ला मी २.४ किलोहर्ट्झच्या खाली नेलेले नाही आणि कोणी नेऊ नये, असे मला वाटते. अरुंद फिल्टर हा स्थिर ऑसिलेटरची मागणी करतो. सेट तापेपर्यंत या काळातल्या रिसीव्हरची वारंवारता काही किलोहर्ट्झ सरकते, आणि वरच्या बँडवर मुख्य डायल केसभर हलली तरी पट्टाच्या पट्टा निघून जातो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि पंखा सेटच्या अंगावर वारा टाकत असतो, तेव्हा ही सरकण्याची तक्रार अधिकच जाणवते. ऑसिलेटरला ओए२ या गॅस व्हॉल्व्हने १५० व्होल्टचा स्थिर पुरवठा देणे, सेट अर्धा-पाऊण तास आधी चालू करून ठेवणे आणि पंख्याची दिशा बदलणे, हे तिन्ही उपाय करावेत. तरीही ५०० हर्ट्झच्या खिडकीत क्षीण मोर्स धरून ठेवणे या सेटला झेपत नाही.

ते काम एफआरजी-७ उत्तम करतो. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली यांच्या नावाने ओळखली जाणारी वॅडली लूप आहे, जिच्यामुळे पहिल्या ऑसिलेटरची सरक आपोआप रद्द होते आणि सेट त्याच्या वयाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका स्थिर राहतो. त्याचा मूळ ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर मात्र ६ डेसिबलवर दोन्ही बाजूंना ३ किलोहर्ट्झ, म्हणजे एकूण ६ किलोहर्ट्झ रुंद आहे आणि प्रक्षेपण, साइडबँड व मोर्स या तिन्हींसाठी तोच एक वापरला जातो. तेथे जुळणीचा प्रश्न सोपा आहे, कारण ट्रान्झिस्टरच्या परिपथात रोध मुळातच कमी असतात. मी मूळ फिल्टर तसाच ठेवून बाजूला २.४ किलोहर्ट्झचा आणि ५०० हर्ट्झचा असे दोन जोडले आणि निवडीसाठी रिले लावले.

या बदलाने खरोखर किती फरक पडला, हे मोजण्याची सर्वांत चांगली सोय आकाशातच उपलब्ध आहे. एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी रेडिओच्या संस्थांच्या सहकार्याने जगभरात १८ बीकन (आपोआप चालणारी खुणेची प्रक्षेपण केंद्रे) चालवले जातात, जे १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर एकामागून एक, प्रत्येकी दहा सेकंद प्रक्षेपण करतात. तीन मिनिटांत सर्वांची एक फेरी पूर्ण होते. प्रत्येक बीकन आपले नाव मोर्समध्ये १०० वॅटवर सांगतो आणि पाठोपाठ एकेका सेकंदाचे चार डॅश पाठवतो: पहिला १०० वॅटचा, दुसरा १० वॅटचा, तिसरा १ वॅटचा आणि चौथा एक दशांश वॅटचा. प्रत्येक पायरी म्हणजे बरोबर १० डेसिबल. कोणतेही महागडे उपकरण न घेता, किती डॅश ऐकू आले एवढे मोजले की आपल्या रिसीव्हरची परीक्षा होते. खान्देशातून श्रीलंकेचा ४एस७बी हा बीकन सुमारे १६०० किलोमीटरवर पडतो आणि १४.१०० वर तो तीन मिनिटांच्या प्रत्येक फेरीत दीड मिनिट झाल्यावर येतो. त्याच्या आधी हाँगकाँगचा व्हीआर२बी आणि नंतर दक्षिण आफ्रिकेचा झेडएस६डीएन असतो. एखादा बीकन दुरुस्तीसाठी बंदही असू शकतो, म्हणून एकाच बीकनवरून निष्कर्ष काढू नये.

माझ्या घरी, संध्याकाळच्या ऐन खरखरीत, सहा किलोहर्ट्झच्या फिल्टरवर बहुतेक वेळा श्रीलंकेच्या बीकनचे पहिले दोन डॅश मिळतात. तेथेच ५०० हर्ट्झचा फिल्टर लावला की तिसरा, १ वॅटचा डॅश बाहेर येतो. फायद्याचे गणित ११ डेसिबल सांगते आणि एका डॅशची पायरी १० डेसिबलची असते, त्यामुळे हा अनुभव गणिताशी सुसंगत आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या एका मित्राची केळीची बाग आहे. तेथे शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी नसताना, बॅटरीवर हाच सेट लावून आम्ही ऐकले, तेव्हा अरुंद फिल्टरशिवायही तिसरा डॅश आला आणि फिल्टर लावल्यावर चौथ्याची चाहूल लागली. शेजारी बसलेले मित्राचे वडील हेडफोन कानाला लावून म्हणाले, "आते ऐकू येस, भाऊ." एक दशांश वॅट म्हणजे टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्ती, आणि ती समुद्र व अर्धा द्वीपकल्प ओलांडून बागेत पोहोचते, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

जूनच्या सुमारास मात्र अरुंद फिल्टरची दुसरी बाजू समोर येते. पावसाच्या आधीच्या विजा आणि इन्सुलेटरवरच्या ठिणग्या यांचा गोंगाट सलग नसून क्षणिक ठोक्यांचा असतो. असा ठोका अरुंद फिल्टरमधून गेला की तो लांबतो. फिल्टर घंटेच्या नादासारखा काही क्षण कंप पावत राहतो. फिल्टर जितका अरुंद आणि त्याच्या कडा जितक्या सरळ, तितका हा नाद लांब. विजेच्या तारेवरची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा उडत असेल, तर हे लांबलेले ठोके एकमेकांत मिसळून सलग गुणगुण होते आणि नंतरचा कोणताही नॉइज लिमिटर त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून नॉइज ब्लँकर (ठोक्याच्या क्षणापुरता सेट मुका करणारा परिपथ) वापरायचा असेल तर तो फिल्टरच्या आधी, जेथे ठोका अजून आखूड आहे, तेथेच असला पाहिजे. पावसाळ्यात मी ५०० हर्ट्झचा फिल्टर क्वचितच लावतो. बहुतेक वेळा २.४ किलोहर्ट्झवरच राहतो आणि उरलेले काम कानावर सोपवतो. पहिला चांगला पाऊस पडून इन्सुलेटरवरची धूळ धुतली गेली की मग परिस्थिती बरीच सुधारते.

आयएफमधला कितीही चांगला फिल्टर दूर करू शकत नाही असा एक दोष एस-४०मध्ये आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. एकाच रूपांतराच्या ४५५ किलोहर्ट्झच्या सेटमध्ये ज्या वारंवारतेवर आपण असतो तिच्या ९१० किलोहर्ट्झ वरचे स्थानकही त्याच आयएफमध्ये येऊन पडते. आपण १४.२५० मेगाहर्ट्झवर हॅमचे बोलणे शोधत असलो, तर १५.१६० वरचे, म्हणजे १९ मीटर बँडमधले प्रक्षेपण केंद्र तेथे ऐकू येऊ शकते. मिक्सरमधून बाहेर पडताना दोघेही ४५५ झालेले असतात, त्यामुळे फिल्टरला त्यांच्यात भेद करता येत नाही. यावर उपाय अँटेना आणि सेट यांच्यामध्येच करावा लागतो: जुन्या रेडिओतला एक गँग (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर), हाताने गुंडाळलेली कॉइल आणि एक लहान डबा यांचा प्रीसिलेक्टर, जो हव्या त्या बँडवर ट्यून करता येतो. तो संकेत वाढवत नाही. नको असलेल्या बँडला दारातच थांबवतो. जवळपास मध्यमलहरींचे प्रक्षेपण केंद्र असेल तर त्याचाही जोर यामुळे उतरतो. एफआरजी-७मध्ये प्रीसिलेक्टर मुळातच आहे आणि तो प्रत्येक वेळी काळजीने शिगेला लावण्याची सवय ठेवावी.

मध्यमलहरींवर दूरची केंद्रे ऐकणाऱ्यांसाठी हिशोब थोडा वेगळा आहे. आपल्या भागात केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे रात्री बलवान केंद्राच्या बाजूचे क्षीण केंद्र काढायचे असेल तर ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे आय अक्षराचा सिरॅमिक फिल्टर सर्वांत समाधानकारक ठरतो. त्यापेक्षा अरुंद गेल्यास निवेदकाचे शब्दच ओळखू येत नाहीत, आणि केंद्राची ओळख पटवण्यासाठी शब्द समजणे तर आवश्यकच असते. मोर्सच्या श्रोत्याला जो फिल्टर अमृतासारखा वाटतो तो येथे निरुपयोगी आहे.

ज्यांच्याकडे एआर-८८, आर-३९०ए किंवा रेकॅलचा आरए-१७ असे मोठे सेट आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की त्यांत यांपैकी काहीही करू नये. त्या सेटमध्ये रुंदी निवडण्याची सोय कारखान्यातूनच उत्तम दिलेली आहे; त्यांना फक्त चांगले कंडेन्सर, स्वच्छ स्विच आणि काळजीपूर्वक अलाइनमेंट हवे असते. ज्यांना सेट उघडण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी क्यू-मल्टिप्लायर आहे. एका व्हॉल्व्हचा हा परिपथ आयएफच्या पहिल्या आयएफटीला समांतर जोडला जातो आणि कंप सुरू होण्याच्या उंबरठ्यावर ठेवून एक अरुंद शिखर किंवा एक खोल खाच तयार करतो. त्याच्या कडा मेकॅनिकल फिल्टरसारख्या नसतात, पण त्रास देणारी एखादी शिट्टी खाचेत घालून नाहीशी करण्यात त्याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

फिल्टर बसवताना मूळ सेटमध्ये एकही नवीन भोक पाडू नये, हा माझा नियम आहे. पट्टी आयएफटीच्या डब्याच्याच स्क्रूवर बसवता येते, रिलेचा स्विच मागच्या पट्टीवर जुन्या सॉकेटच्या जागी येतो. काढलेले मूळ कंडेन्सर पाकिटात घालून, बदललेल्या जोडणीची आकृती आणि फिल्टरचा मोजलेला मध्यबिंदू लिहून ते पाकीट कॅबिनेटच्या आत चिकटवावे, म्हणजे पुढे हा सेट ज्याच्या हाती जाईल त्याला तो पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल किंवा आणखी चांगला फिल्टर घालता येईल.